हरवलं कसं, ते लिहा

फॉर्मवर त्यासाठी चार ओळी सोडल्या आहेत.
एर्लिंदा दुमलाव माझ्याकडे बघते, मी पेनाकडे.
रात्रपाळी संपली आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत
शेवटचा ड्रायर अजून घरघरतो आहे,
आणि यलोनाइफमध्ये जानेवारीत सकाळचे आठ
म्हणजे जरा विरळ झालेली रात्र.

लिही, ती म्हणते:
रविवारी मॉरिसबरोबर सरोवरावर गेले होते.
त्याने गिरमिटाने दीड हात बर्फ पोखरला,
ताटलीएवढं भोक पडलं.
मी वाकले, खाली काय दिसतं बघायला,
आणि कोटाच्या वरच्या खिशातून
सटकन्
आवाजसुद्धा झाला नाही गं.

मी लिहिते: मासेमारी करताना पाण्यात पडले.
एवढंच?
एवढंच.

पण मला ते पडताना दिसत राहतं.
सरळ नाही, पानासारखं हेलकावत,
तिचा पाच वर्षांपूर्वीचा चेहरा घेऊन
(केस काळे, हसू नियमाने बंद)
व्हाइटफिशच्या एका संथ थव्यातून
खाली, आणखी खाली,
जिथे मुदत कधी संपते हे विचारायला
कुणी येत नाही.
गाळात उताणी पडलेली एक दुमलाव.
तिच्याइतकं कायमचं इथे कोण राहिलंय?

पुढचा रकाना: देशाबाहेर किती दिवस?
हे तिला तोंडपाठ आहे.
अडतीस, आई गेली तेव्हा.
त्यातले चार मनीलाच्या विमानतळावर, वादळ होतं.
एकवीस, धाकटीच्या लग्नाचे.
मग ती बोट मोडता मोडता थांबते:
आणि फोन खांद्यानं कानाशी धरून
रात्रभर चादरींच्या घड्या घातल्या, भाऊ आयसीयूत होता,
ते नऊ दिवस कुठे धरायचे?
मी म्हणते, इथेच धर.
चादरी इथल्या होत्या.

मॉरिस मळक्या कपड्यांची गाडी ढकलत आत येतो.
काय चाललंय ऐकून पाकीट उघडतो,
आपलं कार्ड टेबलावर ठेवतो, पत्त्यातला एक्का ठेवावा तसं.
याच पाण्यात माझ्या पणज्याची जाळी असायची, म्हणतो,
तेव्हा माशांनी त्याला काही विचारलं नाही.
आता मी त्याचाच पणतू, हे हा प्लॅस्टिकचा तुकडा सांगतो.
वाच की तारीख. माझंही संपतं.
आधी तोच हसतो.
मग आम्हाला हसायची परवानगी मिळाल्यासारखी होते.

कार्डावरच्या त्या शब्दाला तुमच्यात काय म्हणतात?
एर्लिंदा मला विचारते.
स्थायी, मी सांगते.
आणि सांगता सांगता आठवतं,
बाईंच्या क्लासात पेटीवर बोट आपटून शिकवलेलं:
गाण्यातही एक स्थायी असते.
अंतऱ्यात सूर वर चढतो, लांब हिंडून येतो,
घर विसरला की काय असं वाटेपर्यंत;
मग समेवर येऊन तीच ओळ धरतो.
स्थायी म्हणजे न हलणारी नव्हे.
जिच्याकडे परत यायचं असतं ती.

ती बराच वेळ गप्प. ड्रायर थांबतो.
मग म्हणते, म्हणूनच
जाताना कुणी हे कार्ड मागत नाही.
येताना मागतात.

फोटो औषधांच्या दुकानात काढलाय, दोन प्रती,
पाठीवर तारीख आणि दुकानाचा शिक्का.
आता केस कानापाशी पांढरे आहेत
आणि ओठ सरळ ठेवायचा प्रयत्न उघड दिसतो.
सही चौकटीला टेकू नये म्हणून
ती श्वास रोखून, सुईत दोरा ओवावा तशी करते.

झालं. मी कागद गोळा करते.
थांब, ती म्हणते, एक ओळ मोकळी राहिली.
तिथे लिही, मासे दोन मिळाले.
अगं, त्यांना काय करायचंय?
शपथेवर सांगतोय ना? मग पूर्ण सांगू.

मी लिहीत नाही.
मॉरिस मान हलवतो: दोन. एक चांगला मोठा.
मी लिहिते.